गिरणीवाल्यांनी बांधलेलं गावचं 'मंडळ' पाडायचं घाटतंय. दुरुस्त करून राखता येईल का?

वांगखोऱ्यातली सून

नमस्कार. मी पाटण तालुक्यातल्या एका लहान गावची सून आणि तीन वर्षांपासून ग्रामपंचायत सदस्य आहे. आमचं गाव ढेबेवाडीच्या वर, डोंगराच्या अंगाला आहे. एसटी सकाळी एक आणि रात्री मुक्कामी एक. उंबरा सव्वाशेचा, पण त्यातली निम्मी कुलपं गणपतीला आणि यात्रेलाच निघतात.

गावात एक जुनी इमारत आहे. कागदावर ती 'समाजमंदिर', पण तोंडात कुणाच्या तो शब्द नाही. सगळे 'मंडळ' म्हणतात. मीटिंग मंडळात, पंगत मंडळात, पोरांचे डोस मंडळात, आमच्या बचत गटाची बैठक मंडळात. मुंबईला गिरणीत गेलेल्या गावच्या माणसांनी महिन्याच्या पगारातून पैसे काढून ती बांधली. परळच्या बाजूला गावकीची खोली होती. एका खोलीत वीस-वीस जण, पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची. त्या खोलीत ही वर्गणी जमली. दारावरच्या फळीवर रंगानं लिहिलंय, 'गावकरी मंडळ, मुंबई. सन १९५'. पुढचा आकडा उडालाय.

गेल्या रविवारी मी आणि माझ्या मुलानं टेप लावून माप घेतलं. ४२ फूट लांब, २१ फूट रुंद. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, जवळजवळ दोन फूट जाड. आत दोन ओळींत बारा लाकडी खांब, तळखड्यांवर, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडांवर उभे. वर तुळया, त्यावर मंगलोरी कौलं. पुढं पडवी. मागच्या खोलीत गावभांडी: तांब्याची मोठी पातेली, पितळी पराती, प्रत्येकावर मंडळाचं नाव ठोकलेलं. अजून लग्नाकार्याला तीच निघतात. माझ्या स्वतःच्या लग्नाचा भात त्याच पातेल्यात शिजला.

माझ्या आत्ती, म्हणजे सासूबाई, एक गोष्ट नेहमी सांगतात. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या नव्यानंच नांदायला आल्या होत्या. मंडळाची उत्तरेकडची भिंत धाडकन बाहेरच्या अंगाला गेली, पण छप्पर खांबांवर तसंच उभं राहिलं. पुढं कित्येक दिवस कुणी छपराखाली झोपायला धजत नव्हतं, सगळं गाव थंडीत खळ्यांवर. पण पडलेल्या घरांतून उपसलेलं धान्य ठेवायला कोरडी जागा तेवढी एकच होती. कुणाचं पोतं कुठलं हे ओळखायला बायकांनी आपापल्या लुगड्याच्या चिंध्या पोत्याला बांधल्या होत्या. भिंत नंतर गावानं अंगमेहनतीनं परत उभी केली.

आता अडचण सांगते. गावाला २५१५ मधून, म्हणजे गावातल्या सोयींसाठीच्या शासनाच्या निधीतून, नवं सांस्कृतिक भवन मंजूर झालंय. सगळ्यांना आनंद आहे, मलाही आहे. पण जागा दाखवलीय ती मंडळाचीच. येत्या ग्रामसभेत जुन्या इमारतीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडायचा, विषय आहे. "पडकी झालीय, कुणाच्या अंगावर पडली तर जबाबदार कोण?" या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नाही. म्हणून इथं विचारतेय.

इमारतीचे दोष लपवत नाही. वायव्येच्या कोपऱ्यात गळती आहे. तीन खांबांचे पाय पोकळ वाजतात. वीस-एक वर्षांपूर्वी भिंतीला आतून कमरेएवढं सिमेंटचं प्लास्टर केलं, आता त्याच्या वरची भिंत ओली दिसते आणि प्लास्टर फुगून सुटतंय. उत्तर आणि पश्चिम भिंत जिथं मिळते तिथं उभी चीर आहे, वरच्या बाजूला अंगठा जातो.

मला ही वास्तू शोभेची वस्तू म्हणून ठेवायची नाही. आमच्या गावात देऊळ भावकीचं, तालीम एका आळीची, शाळेत आता बारा मुलं. सगळ्यांची म्हणावी अशी ही एकच जागा. ती सुरक्षित होऊ शकते का, आणि निर्लेखन थांबवायचा सरळ रस्ता काय, हे जाणकारांनी सांगावं.

---

दगडमाती (कराड)

ताई, मी बांधकाम अभियंता आहे, आजोबा गवंडी होते. इमारत न बघता कुणी 'भक्कम आहे' म्हणालं किंवा 'पाडाच' म्हणालं, तर दोघांचंही ऐकू नका. पण तुमच्या आत्तींच्या आठवणीत माझ्या कामाची मोठी गोष्ट आहे. भिंत गेली आणि छप्पर राहिलं, याचा अर्थ छपराचा भार भिंतीवर नाही, निदान मुख्य भार तरी नाही. तो खांब-तुळयांवर आहे. भिंत फक्त आडोसा. तेव्हा पहिला जीव खांबांचा सांभाळायचा, भिंतीचा नंतर.

तीन खांबांचे पाय पोकळ आहेत म्हणता. बारीक पेचकस घेऊन जमिनीपासून वर दर चार बोटांवर टोचून बघा. सहज आत जातो तिथवर लाकूड गेलेलं. बहुतेक वेळा तळाचा फूट-दीड फूटच कुजतो किंवा वाळवी खाते, वरचं लाकूड खणखणीत असतं. अशा वेळी अख्खा खांब बदलायची गरज नसते. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन खराब भाग कापायचा आणि त्याच जातीच्या लाकडाचा पाय खाचेत बसवून जोडायचा. जुने सुतार हे काम जाणतात. फक्त एका वेळी एकच खांब. घाईत तीन एकदम उघडू नका.

आता भिंत. आपल्याकडच्या दगड-मातीच्या भिंती दोन थरांच्या असतात. बाहेरून दगड, आतून दगड, मधे चिपा आणि माती. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतं आणि बाहेरचा थर ढासळतो. यावर उतारा म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारे दगड. भारतीय मानक १३८२८ (सन १९९३) मध्ये असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरवर आणि लांबीत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता घालायला सांगितलंय. उभ्या भिंतीतही ते नंतर करता येतं. एक-एक दगड काढून आरपार भोक करायचं, दोन्ही टोकं वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात दगडी घरं मजबूत करायला ही पद्धत वापरली गेली. त्याच्या जोडीला छपराच्या खाली चारी भिंतींना कवळणारा एक पट्टा, म्हणजे कोपरे सुटत नाहीत. कोयनेच्या पट्ट्यात धरण भरायला लागल्यापासून, १९६२ पासून, लहान-मोठे हादरे चालूच आहेत. त्यामुळं हे काम 'जमलं तर करू' असं ठेवू नका.

तुमच्या चिरेबद्दल. ती जुनीच १९६७ ची आहे की अजून वाढतेय हे आधी कळायला हवं. काचेच्या दोन पट्ट्या घ्या, बोटाएवढ्या रुंद. चिरेच्या आडव्या, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं भिंतीला चिकटवा. एक वर, एक खाली. तारीख लिहून ठेवा. काच तडकली तर भिंत हलतेय. तीन-चार महिने काच शाबूत राहिली तर चीर थांबलेली आहे. दहा-वीस रुपयांचं काम, पण सभेत दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

सिमेंटच्या प्लास्टरनं घात केलाय. जमिनीतली ओल भिंतीत चढतेच, पूर्वी ती मातीच्या सांध्यांतून आणि चुन्यातून बाहेर पडून वाळून जायची. सिमेंटनं तोंड बंद केलं, मग ओल कमरेच्या वर चढली. तीच पुढं तुळईच्या टोकापर्यंत जाते. ते प्लास्टर खरवडून काढा आणि एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी राहू द्या. मग चुन्यानं दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून चुन्याचाच गिलावा. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चांगली चाळलेली वाळू. लवकर घट्ट व्हावं म्हणून गवंडी सिमेंट मिसळायला बघेल, त्याला नाही म्हणा. चुना हवेतून हळूहळू पक्का होतो, त्याला ओलसर ठेवून वेळ द्यावा लागतो. दिवाळी ते होळी हे आपल्याकडं त्याचे दिवस.

आणि या सगळ्याच्या आधी पाणी. एक विचारतो: इमारतीला लागून रस्ता काँक्रीटचा झालाय का? झाला असेल तर तो जोत्यापेक्षा वर आलाय का, बघा.

---

माणदेशी

मी आटपाडी तालुक्यातला. आमच्याकडं पाऊस नाही, तुमच्याकडं पावसाशिवाय काही नाही, पण दुखणं एकच.

आमचा भाग औंध संस्थानात होता. १९३९ च्या जानेवारीत औंधच्या राजांनी राज्यघटना देऊन कारभार लोकांच्या हाती सोपवला, गावोगावी निवडलेल्या पंचायती बसल्या. देश स्वतंत्र व्हायच्या आधी आठ वर्षं आमच्या गावच्या चावडीत लोकांनी निवडलेले पंच बसून न्यायनिवाडा करत होते. ती चावडी माळवदाची, खाली कोरीव खांब, वर मातीचं छत. मी लहानपणी त्या माळवदावर मिरच्या वाळत घातल्यात.

आमच्याकडं कुणी 'पाडा' म्हणालं नव्हतं. दुरुस्तीच करायची ठरली होती. छत उतरवलं, लाकडं काढून शेजारच्या पडीक रानात रचली. कुठली तुळई कुठली, कुठला खांब कोणत्या तळखड्यावरचा, काही लिहून ठेवलं नाही. मग काम थांबलं. पैसे पुढच्या वर्षी येणार होते. दोन पावसाळे लाकडं उघड्यावर राहिली. काही चोरीला गेली, उरलेली लिलावात जळणाच्या भावानं विकली. आज तिथं पेव्हर ब्लॉक आहेत आणि एक हायमास्ट दिवा.

ताई, काही उतरवायची वेळ आलीच तर प्रत्येक लाकडावर पत्र्याची नंबरपट्टी ठोका, जागच्या जागी फोटो काढा, आणि परत बसवायचे पैसे हातात असल्याशिवाय एक कौलसुद्धा खाली घेऊ नका. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

---

जुनं दप्तर

मी ग्रामसेवक म्हणून सातारा जिल्ह्यात नोकरी करून निवृत्त झालो. सदस्य ताईंना कामाचं तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे इमारत कुणाच्या नावावर आहे ते बघा. नमुना ८ चा उतारा (घरपट्टी आकारणीची नोंद) आणि स्थावर मालमत्तेची नोंदवही, दोन्ही. मुंबई मंडळानं बांधली असली तरी कधीतरी ती ग्रामपंचायतीकडं वर्ग झाली असेल. तो ठराव जुन्या इतिवृत्तात सापडेल. कधी कधी त्यात अट असते, की इमारत अमुक कामासाठीच वापरावी. अशी ओळ मिळाली तर ती सोन्यासारखी. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका आल्या असतील तर त्यावर काय नाव लागलंय तेही बघून घ्या.

दुसरं. निर्लेखन नुसत्या ठरावावर होत नाही. इमारत धोकादायक आहे असा बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा अहवाल लागतो. तुम्ही सदस्य आहात, लेखी अर्ज देऊन अहवालाची प्रत मागा. अहवाल झालाच नसेल तर तसं लेखी उत्तर मागा. अहवाल असेल आणि त्यात फक्त 'जीर्ण' असा शब्द असेल, तर जीर्ण आणि धोकादायक यात फरक आहे, हे सभेत शांतपणे मांडा.

तिसरं, आणि इथं बहुतेकांची चूक होते. सभेत उभं राहून 'पाडू नका' एवढंच म्हटलं की तुम्ही विकासाच्या आड येताय असा रंग येतो. तुम्ही दुसरा ठराव घेऊन जा. नवं भवन हवंच आहे, ते गावठाणातल्या दुसऱ्या मोकळ्या जागेवर घ्यावं, आणि जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक करून घ्यावं, असा. कार्यारंभ आदेश निघायच्या आधी जागा बदलणं सोपं जातं. नंतर ठेकेदार, करारनामा, मुदत, सगळं आडवं येतं. म्हणून उशीर करू नका.

चौथं: महिला ग्रामसभा. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावीच लागते. बऱ्याच गावांत ती वहीवरच होते. तुम्ही ती खरोखर भरवा, मंडळातच भरवा, आणि तिथला ठराव मोठ्या सभेपुढं ठेवायला लावा.

पाचवं गणपूर्तीचं. ग्रामसभेला १०० किंवा १५ टक्के मतदार, यातले जे कमी असतील तेवढे लागतात. ते जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मोठमोठे निर्णय अशा तहकूब सभेत पंधरा-वीस जणांत होऊन गेलेले मी पाहिलेत. तारखेवर लक्ष ठेवा. पहिल्याच सभेला माणसं आणा.

काही जण सांगतील की संरक्षित स्मारक करून घ्या. त्यासाठी १९६० चा राज्याचा कायदा आहे, पुरातत्त्व विभाग आहे, पण ती लांबची वाट. तुमच्यापुढं महिन्याचा प्रश्न आहे. आणि स्मारक झालं की तुम्हाला तिथं पंगत बसवता येणार नाही.

---

घणसोलीकर

माझं गाव तुमच्या खोऱ्याच्या पलीकडं, मोरणा नदीच्या बाजूला. आजोबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते जे गावी आले ते परत कामावर गेलेच नाहीत. वडील माथाडी, मार्केटमध्ये. मी इथंच वाढलो.

खरं सांगू का, आम्हा पोरांना गावी गेल्यावर बसायला जागा लागते. अभ्यासिका लागते, रेंज लागते, स्वच्छ संडास लागतो. जुन्या इमारतीत ते मिळणार असेल तर वर्गणी काढायला आमची पिढी मागं राहणार नाही. पण नुसतं 'आठवणी' म्हणून पैसे मागितले तर शंभरातले दहा देतील.

आणि एक. मुंबईच्या मंडळाची वर्गणीची वही शोधा. आमच्या मंडळाची एका काकांच्या पेटीत निघाली. नाव, गिरणी, खातं, रक्कम, सगळं नोंदलेलं. तुमच्या पाटीवरचा उडालेला आकडा त्यात सापडेल.

---

ओसरीबाहेर

ताई, तुमचा लेख चांगला आहे म्हणूनच लिहितो. 'सगळ्यांची म्हणावी अशी ही एकच जागा' हे तुम्ही मनापासून लिहिलंय, याबद्दल मला शंका नाही.

मी कोरेगाव तालुक्यातला, बौद्धवस्तीतला. आमच्या गावालाही अशीच इमारत होती. माझ्या आजोबांनी तिच्या पायाचे दगड वाहिले. बांधून झाल्यावर त्यांना पडवीच्या पायरीखाली बसायला लागायचं, पंगत उठल्यावर वाढलेलं घरी न्यायला लागायचं. १९५६ ला त्यांनी धम्म स्वीकारला आणि त्यानंतर ते त्या दारात कधी गेले नाहीत. ती इमारत पडली तेव्हा आमच्या वस्तीत कुणाला हळहळ वाटली नाही.

तुमच्या गावात कसं होतं मला माहीत नाही. मी फक्त एवढं म्हणतो, की राखायच्या आधी तुमच्या गावातल्या वस्तीत जाऊन विचारा. पायरीखाली कोण बसायचं हेही त्या वास्तूचंच आहे. ते झाकून राखली तर ती परत निम्म्या गावाचीच होईल.

---

वांगखोऱ्यातली सून

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे लागले कारण सांगितलेलं एक-एक करत होते.

दगडमाती दादा, तुमचा अंदाज बरोबर. काँक्रीटचा रस्ता जोत्याच्या वर पाऊण वीत आलाय. पावसाचं सगळं पाणी भिंतीच्या पायात जिरतं. ते इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि एकालाही दिसलं नाही. रोजगारावरच्या दोन माणसांकडून भिंतीलगत चर खणून उतार काढून घेतलाय, पहिल्या वळवाच्या पावसात पाणी बाहेर गेलं. तीन खांबांपैकी दोघांचं लाकूड खालून हातभरच गेलंय. तिसऱ्यात पेचकस छातीपर्यंत आत जातो, तो बहुतेक बदलावा लागेल. काचेच्या पट्ट्या लावल्यात, तारीख माझ्या मुलानं रंगानं लिहिली. तो शाळेतून येताना रोज बघतो.

दप्तर काका, अहवाल झालेलाच नव्हता. माझ्या अर्जाला लेखी उत्तर आलं. महिला सभा आम्ही मंडळात घेतली. एरवी सहीपुरत्या येणाऱ्या बायका त्या दिवशी दोन तास बसल्या. एकसष्ट जणी. आत्तींनी भूकंपाची गोष्ट सांगितली, पोत्याला बांधलेल्या चिंध्यांची सुद्धा. त्यावर एक म्हातारी उठली आणि म्हणाली, माझ्या पोत्याला हिरवी चिंधी होती. अठ्ठावन्न वर्षांनी तिला रंग आठवत होता. ठराव एकमतानं झाला: नवं भवन शाळेमागच्या गायरानालगतच्या जागेत बघावं, मंडळाचं अंदाजपत्रक करावं. मोठ्या सभेत वाद झाला, आवाज चढले, मलाही बोलणी खावी लागली. पण गणपूर्ती होती. निर्लेखनाचा विषय मागं ठेवला, रद्द केला नाही. जागेच्या बदलाचा प्रस्ताव वर गेलाय.

आता ओसरीबाहेर दादा. तुमचं वाचून मी त्या रात्री नीट झोपले नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीत गेले. चार घरांचं राहणं आहे, त्यातले एक आबा नव्वदीचे. मी विचारलं, आबा, मंडळाचं काय आठवतं? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पडवीच्या उजव्या खांबापाशी. तिथवर." एवढंच. इतक्या वर्षांत मी त्या खांबाला टेकून किती वेळा बसले असेन, मला माहीत नव्हतं की ती हद्द होती.

घणसोलीकर दादांच्या सांगण्यावरून मुंबईला फोन लावत बसले. वही डोंबिवलीत निघाली, एका जुन्या कार्यकर्त्याच्या मुलाकडं. पानं पिवळी, पण अक्षर सुंदर. पहिली वर्गणी १९५४ ची. म्हणजे पाटीवरचा आकडा चार किंवा त्याच्या पुढचा. आणि त्या वहीत वस्तीतल्या पाच जणांची नावं आहेत. गिरणीचं खातं लिहिलंय, रक्कम लिहिलीय, दर महिन्याला दोन रुपये, एकही महिना चुकलेला नाही. मंडळातल्या भिंतीवर देणगीदारांची फळी आहे, तिच्यावर एकेचाळीस नावं आहेत. ही पाच त्यात नाहीत.

वहीच्या त्या पानाचा फोटो घेऊन मी परत आबांकडं गेले. त्यांच्या वडलांचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी ते परत वाचायला सांगितलं. मग महिने मोजायला सांगितले. अठ्ठावीस महिने.

महिला सभेत मी हेही सांगितलं. नवी फळी करायची, वहीतल्या क्रमानं सगळी शेहेचाळीस नावं लिहायची. उजव्या खांबाबद्दल काय लिहायचं, कसं लिहायचं, ते वस्तीतल्या माणसांनी ठरवायचं. काही जणींचे चेहरे उतरले, "जुनं कशाला उकरायचं" असं दोघी म्हणाल्या. पण ठरावात ते आलंय, आणि इतिवृत्तात नोंदलं गेलंय का ते मी स्वतः वाचून सही केली.

---

ओसरीबाहेर

ताई, अठ्ठावीस महिने हे वाचलं. आबांना माझा जय भीम सांगा. अंगमेहनतीचं काम निघालं तर एक रविवार मला कळवा, मी येतो.

---

दगडमाती (कराड)

पाणी बाहेर काढलंत हे निम्मं काम झालं. दोन पावसाळ्यांत ओल किती उतरते बघा, मग बाकीचा निर्णय. छातीपर्यंत गेलेल्या खांबाला आत्ताच, पावसाच्या आधी, दोन्ही बाजूंनी टेकू लावा. थांबू नका. पाया पक्का धरणारी जाड फळी टेकूखाली ठेवायला विसरू नका, नाहीतर ओल्या जमिनीत टेकूच रुतेल.

अंदाजपत्रकासाठी मी येऊन मोजमाप घेऊन देतो, फी नको. शासकीय दरसूचीत चुन्याच्या कामाचे दर शोधावे लागतात, तुमच्या इथल्या अभियंत्याला ते नेहमीचं नसेल. आपण बसून करू.

---

वांगखोऱ्यातली सून

टेकू लागले. बाभळीचे दोन बुंधे, खाली फळ्या. आबांचा नातू पुण्याहून सुट्टीवर आला होता, तोच पहिला आला कामाला.

काच आज चाळीस दिवस शाबूत आहे.

आता दोन गोष्टी हव्यात, कुणाच्या ओळखीत असतील तर इथं लिहा. एक, खांबाला पाय जोडणारा जुना सुतार, पाटण, कराड, शिराळा कुठलाही चालेल, राहण्या-जेवण्याची सोय आमच्याकडं. दुसरं, मंगलोरी कौलं. वायव्येच्या कोपऱ्यात साधारण दोनशे लागतील. कुणाचं जुनं घर उतरत असेल तर कौलं फोडू नका, आम्ही ट्रॉली घेऊन येतो. मृगाच्या आधी शाकारणी करायची आहे, आणि दिवस थोडे राहिलेत.